माहीत असलेला दोष

तारवाले काका पहिल्यांदा माझ्या क्लासची पायरी चढले, तेव्हा नाव सांगायच्या आधी त्यांनी स्वतःतले दोष सांगितले. "डावा कान चालत नाही, उजवीकडून बोलायचं. चालताना गुडघा वाजतो, घाबरायचं नाही. आणि मला बोलताना मध्ये थांबवलं की मी पहिल्यापासून सुरू करतो. हे सगळे माहीत असलेले दोष आहेत, दुरुस्तीचं काम चालू आहे." मी म्हटलं, "काका, हा कॉम्प्युटरचा क्लास आहे, दवाखाना पलीकडे." त्यावर ते "डावा कान चालत नाही" पासून पुन्हा सुरू झाले. तेव्हाच मला कळायला हवं होतं की हे प्रकरण जन्मभर पुरणार आहे.

बऱ्हाणपुरात, राजपुऱ्यात, माझा हा क्लास. टायपिंग आणि हिशेबाचे प्रोग्राम शिकवते. काका मूळचे भुसावळकडचे, कागद कारखान्यात मीटर आणि काटे दुरुस्त करण्यात सगळी नोकरी गेली, आणि निवृत्त झाल्यावर आमच्या मागच्या गल्लीत घर बांधून राहिले. त्या घराची तिसरी पायरी हलायची. येणाऱ्या प्रत्येकाला ते दारातूनच ओरडून सांगत, "तिसरी हलते! माहीत आहे!" पायरी मात्र शेवटपर्यंत हललीच. पुतणीला बघायला पाहुणे आले, तर यांनी पोह्यांच्या बशा फिरायच्या आत जाहीर केलं, "मुलगी गुणाची आहे, सकाळी उशिरा उठते, माहीत असलेला दोष आहे." त्यांच्या बायकोनं, इंदूकाकूंनी, कपाळावर हात मारून घेतला. पण लग्न जमलं. "आधी सांगून टाकलं की गिऱ्हाईक तक्रार करत नाही," असं काकांचं म्हणणं. पुतणी अजूनही उशिरा उठते आणि सासरचे हूं की चूं करत नाहीत.

'तारवाले' हे नाव पडलं ते गच्चीवरून पाण्याच्या टाकीपर्यंत ताणलेल्या तांब्याच्या तारेमुळे. काका हौशी रेडिओवाले होते. ही मंडळी स्वतःला हॅम म्हणवतात, सरकारी परीक्षा देऊन परवाना काढतात आणि घरातल्या यंत्रावरून जगभरच्या आपल्यासारख्या रिकामटेकड्यांशी बोलतात. रोज सकाळी देशभरातले हॅम ठरल्या वेळी हवेत भेटतात, एकमेकांची हजेरी घेतात आणि हवापाणी विचारतात. काकांचा परवाना देवघरात, बालाजीच्या शेजारी, चौकट करून लावलेला होता. "परवानगीशिवाय एक अक्षर हवेत सोडायचं नाही," हे ते इतक्या वेळा म्हणायचे की काकू पूजा करताना परवान्यालाही कुंकू लावून टाकायच्या.

गल्लीत काहीही बिघडलं की दोष तारेला. शेजारचे केळीवाले पाटील तर भांडायलाच यायचे. "काकाजी, तुमच्या तारेनं आमचा टीव्ही खराब होऊन राहिला ना!" एकदा त्यांच्या देडतलाईच्या मळ्यात केळीवर रोग पडला, तोही तारेच्या खाती जमा झाला. काका शांतपणे म्हणाले, "पाटील, माझा आवाज फिलिपीन्सला जातो, देडतलाईला जात नाही. या लहरी वर जाऊन लांब कुठंतरी उतरतात. जवळचं वगळलं जातं." आतून काकूंचा आवाज आला, "बरोबर आहे पाटील! फिलिपीन्समधलं शिंकलेलं ऐकू येतं यांना. स्वयंपाकघरातलं नाही!"

काकूंच्या बोलण्यात तथ्य होतं. कुकर लावून त्या देवळात जात, जाताना सांगत, "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा." काका "करतो, करतो" म्हणत आणि कानांवर हेडफोन चढवून बसत. काकू परत येईपर्यंत कुकर शिट्ट्या मारून मारून दमलेला असे. त्यांच्या घरचं वरण वाटीत नाही, पेल्यात वाढावं अशा लायकीचं. मी कितीदा तरी जेवले आहे तिथे, उगाच नाही सांगत.

आता माझ्या क्लासशी यांचा काय संबंध, ते सांगते. हॅम लोकांना कुणाशी कधी बोललो ते टिपून ठेवावं लागतं. त्यासाठी काकांनी 'टिपण' नावाचा प्रोग्राम स्वतः लिहिला होता आणि देशभर फुकट वाटला होता. त्यांच्या स्पर्धाही होतात. त्यात एकाच माणसाशी दुसऱ्यांदा बोललात तर ते मोजत नाहीत, म्हणून तेच नाव पुन्हा टाकलं की 'टिपण' इशारा देतो. फुकट दिलेल्या वस्तूची तक्रार जास्त येते, हा जगाचा नियम. कुणाच्या कॉम्प्युटरवर अक्षरं उलटी दिसत, कुणाचं घड्याळ पुढं जाई. काका दुरुस्ती करून नवी आवृत्ती पेनड्राइव्हवर घालत, तो पेनड्राइव्ह गळ्यात सुतळीला बांधत आणि माझ्याकडे येत, कारण माझ्याकडे सगळ्या वयाचे कॉम्प्युटर होते. भर टायपिंगच्या तासाला पोरींना उठवून बसायचे! कोपऱ्यातला सगळ्यात म्हातारा कॉम्प्युटर मी भंगारात काढणार होते, तर आडवे पडले. "कल्पना, हिला विकू नको. देशातल्या निम्म्या हॅमकडे हिच्याच बहिणी आहेत. हिच्यावर चाललं तर सगळीकडे चाललं." विकली नाही ती म्हातारी. तिचं वीजबिल कोण भरतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

'टिपण'ला आवाज मिळाला तो नांदेडच्या एका तबलजींमुळे. ते हॅम, पण डोळ्यांनी अधू. त्यांनी कळवलं की प्रोग्राम बोलका केलात तर उपकार होतील. काकांचा स्वतःचा आवाज सुपारी अडकल्यासारखा, म्हणून मायक्रोफोन घेऊन ते स्वयंपाकघरात काकूंकडे गेले. काकू भाजी चिरायचं सोडून उठायला तयार नव्हत्या. विळीवर बसल्या बसल्या त्यांनी अक्षरं आणि आकडे म्हटले, तेही भाजीवाल्याला सुनावल्यासारखे. मग काकांनी इशाऱ्याचं वाक्य लिहून दिलं, "सदर नोंद पूर्वीच झालेली आहे." काकूंनी कागद बाजूला सारला. "हे काय तहसिलीतलं पत्र आहे का? घरात असं कोण बोलतं?" आणि माईकमध्ये तोंड घालून ठणकावलं, "अहो, हे झालंय ना आधी! किती वेळा तेच ते!" त्याच क्षणी मागे कुकरची शिट्टी झाली.

"असू दे," काका म्हणाले. "तात्पुरतं आहे."

तात्पुरतं हा काकांचा आवडता शब्द. त्यांच्या घरात जे जे कायमचं होतं ते सगळं तात्पुरतं म्हणून आलेलं होतं. काकूंचा आवाजही तसाच राहिला, कित्येक वर्षं. काश्मीरपासून केरळपर्यंत ज्यांना मराठीचं ओ की ठो कळत नव्हतं, ते हॅमसुद्धा चूक झाली की काकूंची बोलणी खायचे आणि शिट्टी ऐकून ओशाळायचे. असीरगडचा किल्ला बघायला आलेलं गुवाहाटीचं एक जोडपं वाट वाकडी करून घरी आलं आणि काकूंच्या पाया पडलं. "एक बार वो बोलिए ना, माताजी." काकूंनी पदर सारखा केला, घसा साफ केला आणि त्यांना झापलं. ते दोघं धन्य झाले. काका बाजूला दराब्याची, आमच्या बऱ्हाणपुरी मिठाईची, बशी घेऊन उभे. "प्रोग्राम मी लिहिलाय," ते म्हणाले. पाहुणे म्हणाले, "हां हां, वो भी अच्छा है."

ते त्यांना लागलं असावं. कारण नव्या कॉम्प्युटरांवर 'टिपण' चालेनासा झाला आणि सगळा प्रोग्राम नव्यानं लिहायची वेळ आली, तेव्हा काकांनी ठरवलं की या खेपेला सगळं चोख करायचं. वर्षभर खपले बिचारे. बंगळुरूच्या कुणा इंजिनिअरनं यंत्राचा गुळगुळीत बाईचा आवाज पाठवला, तो त्यांनी बसवला. मी म्हटलं, "काका, काकूंना विचारलंत?" तर म्हणाले, "त्यात काय विचारायचं? तात्पुरतंच होतं ते." आणि नव्या आवृत्तीबरोबर बदलांची टिपणी सगळ्यांना धाडून दिली. पहिलीच ओळ, "जुना सदोष आवाज काढून टाकला आहे." दुसरी, "कुकर बंद करण्यात आला आहे."

झालं! त्याच आठवड्यात वाऱ्यानं काकांची तार तुटलेली, म्हणून ते सकाळच्या हजेरीला हवेत नव्हते. हॅम मंडळींनी दोन आणि दोन चार केले. आवाज गेला, कुकर बंद झाला, काका सुतकात बसले. म्हणजे काकू गेल्या! स्वभाव कोरडा, म्हणून गड्यानं दोन ओळींत कळवलं, असंही कुणीतरी म्हणालं. हवेत दोन मिनिटं शांतता पाळली गेली. तबलजी रडले म्हणे.

आणि तिसऱ्या दिवशी खंडव्याहून रेल्वेतले एक निवृत्त गृहस्थ पांढरे कपडे घालून, हार घेऊन दारात हजर. दार काकूंनी उघडलं. तो गृहस्थ मागे सरकला तो थेट तिसऱ्या पायरीवर बसला.

"ती हलते," काकू म्हणाल्या. "कोण पाहिजे तुम्हाला?"

"माताजी... आप?"

"मीच. आणि हा हार कुणाला?"

त्या भल्या माणसाला खोटं बोलता येईना. त्यानं खिशातून छापलेली टिपणी काढली आणि काकूंना ओळीओळीनं वाचून दाखवली. काकूंनी त्याला पाणी दिलं, चहा दिला, जेवायला घातलं, गाडीच्या वेळेला रिक्षा बोलावून दिली. हार वाया कशाला घालवायचा म्हणून तो काकांच्या रेडिओला घातला. संध्याकाळी काका घरी आले तेव्हा एवढंच म्हणाल्या, "माझा आवाज सदोष ना? बरं. आता तो वापरत नाही."

त्यानंतर काकू काकांशी बोलल्या नाहीत. एक शब्द नाही. पाटलांशी बोलत, माझ्याशी बोलत, दुधाच्या पिशवीशीसुद्धा बोलत. काकांसमोर ताट आपटलं जाई आणि त्यावरून आमटी कोणती ते ओळखायचं. इकडे देशभरातून ओरड सुरू झाली. काकू जिवंत आहेत हे कळल्यावर तर लोक जास्तच चिडले. 'तो गुळगुळीत आवाज नको, आम्हाला आमच्या शिव्या परत द्या.' पुष्कळांनी नवी आवृत्ती काढून टाकली. जुनी तर नव्या कॉम्प्युटरवर चालत नव्हती. म्हणजे 'टिपण' मरायला टेकला होता.

काका माझ्याकडे येऊन कोपऱ्यातल्या म्हातारीसमोर नुसते बसायचे. मी म्हटलं, "अहो, जुनं रेकॉर्डिंग आहे ना तुमच्याकडे? पाच मिनिटांचं काम. बसवा आणि मोकळे व्हा." ते म्हणाले, "तिनं मनाई केली आहे. आवाज तिचा आहे. परवानगीशिवाय एक अक्षर सोडायचं नाही." मला राग आला. म्हटलं, "काढताना नाही आठवली ती परवानगी?" बोलून गेले खरी. काकांनी सुतळीशी चाळा केला. मग हळूच म्हणाले, "प्रोग्राम गेला तर जाऊ दे ग. पण ती बोलत नाही. सकाळी उठल्यावर घर बंद पडल्यासारखं वाटतं. हेडफोन काढून बसतो हल्ली, काही बोलली तर ऐकू यावं म्हणून." एवढा बडबड्या माणूस, त्याचा चेहरा असा झालेला मला बघवेना. मी क्लासला कुलूप लावलं आणि तडक काकूंकडे गेले.

काकू मेथी निवडत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं. "हेडफोन काढून बसतात?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी चार जुड्या निवडून संपवल्या. मग म्हणाल्या, "बोलेन. पण माझ्या अटीवर. शिट्टीसकट बोलेन. कुकर मी लावणार आणि बंद यांनी करायचा. सांगून ठेव."

रविवारी रेकॉर्डिंग ठरलं. पहिली अडचण कुकरची. नवा कुकर नुसता फुसफुसायचा, म्हणून माळ्यावरून जुना काढला, त्याला नवं रबर बसवलं. काकूंचं वाक्य संपायला आणि शिट्टी व्हायला एकच गाठ पडायला हवी होती. काकू बोलायच्या तर कुकर गप्प, कुकर बोलायचा तर काकूंना ठसका. एकदा सगळं जमलं तर दारातून पाटील ओरडले, "काकाजी, टीव्ही परत हलून राहिला!" डाळ-तांदूळ संपले की पुन्हा घालायचे. दुपारपर्यंत आख्ख्या गल्लीत खिचडी वाटून झाली, पाटलांकडे तर दोनदा. मी लॅपटॉप धरून उभी, घामाघूम. काका आवाजाची पातळी बघायला हेडफोन लावून बसलेले.

आणि एकदाचं जमलं. काकू महिनाभराचा साठा बाहेर काढत कडाडल्या, "अहो, हे झालंय ना आधी! किती वेळा तेच ते!" लगेच शिट्टी, कडक, लांबलचक. काकूंनी काकांकडे असं काही बघितलं की काका हेडफोनसकट ताडकन उठले आणि ओरडले, "बंद करतो, बंद करतो!" हेडफोनची वायर अडकली, टेबल हललं, गॅस तसाच.

"गेलं!" मी म्हटलं. "काका, तुमचा आवाज आला मध्ये. परत करावं लागेल." भांड्यात डाळ उरली नव्हती आणि माझ्या अंगात त्राण.

काकू काकांकडे बघून हसत होत्या. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. "राहू दे," त्या म्हणाल्या.

"तात्पुरतं," काका म्हणाले.

नव्या आवृत्तीच्या टिपणीत त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, "माहीत असलेला दोष: इशाऱ्याच्या शेवटी एका पुरुषाचा आवाज येतो. पुढील आवृत्तीत काढण्यात येईल." लोकांना त्याचं काही वाटलं नाही. शिट्टी परत आली, काकू परत आल्या, सगळे खूश. तबलजींनी कळवलं की शिट्टी पूर्वीपेक्षा वरच्या सुरात आहे, पण चालेल.

ती पुढची आवृत्ती काकांच्या हातून झाली नाही. थंडीत एका सकाळी हजेरी आटोपून त्यांनी रेडिओ बंद केला, काकूंना म्हणाले, "छातीत जरा जड वाटतंय, माहीत असलेला दोष आहे," आणि खुर्चीतच गेले. मी बातमी हॅम मंडळींना कळवली, तर कुणी विश्वासच ठेवेना. मागच्या वेळी एकदा फसले होते ना. काहींनी मलाच उलट टपालानं हसायची चित्रं पाठवली. खंडव्याचे ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी आले, रंगीत शर्ट घालून, हातात मिठाईचा पुडा. दार काकाच उघडणार या खात्रीनं आले होते. तिसऱ्या पायरीवरून त्यांना मीच हात धरून वर घेतलं.

आता 'टिपण' माझ्याकडे आहे. गळ्यात सुतळी तेवढी नाही. तक्रारी येतात, मी चिडते, दुरुस्त करते, कोपऱ्यातल्या म्हातारीवर चालवून बघते आणि नवी आवृत्ती धाडते. दर वेळच्या टिपणीत ती ओळ मात्र जशीच्या तशी ठेवते, पुरुषाचा आवाज पुढील आवृत्तीत काढण्यात येईल म्हणून. बंगळुरूच्या इंजिनिअरनं परवा लिहिलं की तो आवाज काढायला दोन मिनिटं लागतील, मी करून देऊ का? मी त्याला असं उत्तर दिलं की तो पुन्हा विचारायचा नाही.

बाजारातून परतताना काकू कधीकधी क्लासमध्ये येतात. पोरी टायपिंग करत असतात. काकू पिशवी धरून म्हातारीसमोरच्या खुर्चीत बसतात आणि म्हणतात, "कल्पू, जरा एक चूक कर ना."

मी 'टिपण' उघडते. एक नाव टाकते. तेच नाव परत टाकते. काकू स्वतःचं ओरडणं ऐकून घेतात, शिट्टी ऐकून घेतात, आणि मग जरा पुढे वाकतात. "बंद करतो, बंद करतो!"

"खोटं बोलतात," काकू म्हणतात. "एकदाही वेळेवर बंद केला नाही."

मग पिशवी खाली ठेवतात. "परत चूक ग."